स्वतःची वाईन, दुसऱ्याच्या टाकीत

ओकच्या एका पिंपात २२५ लिटर वाईन मावते. पाऊण लिटरची बाटली धरली तर बरोबर ३०० बाटल्या. एवढ्या वाईनला साडेतीनशे ते चारशे किलो द्राक्षं लागतात. चांगल्या वाईनसाठी पीक मुद्दाम कमी, एकरी चार टनांच्या आसपास धरलं, तर ही झाली चार गुंठ्यांची बाग. संभाजीनगरात तीन रो-हाउसचे प्लॉट शेजारी शेजारी मांडले की साधारण तेवढी जागा होते. ‘स्वतःची वाईन’ हे शब्द ऐकायला राजेशाही वाटले, तरी त्यांचं माप एवढंच आहे.

अडचण मापाची नाहीच. द्राक्ष तोडल्यापासून बाटलीला बूच लागेपर्यंत वर्ष-दीड वर्ष जातं. त्या काळात थंड राहणाऱ्या टाक्या, दाबयंत्र, प्रयोगशाळा, रोज चव घेणारा जाणता माणूस आणि सगळ्यांत महत्त्वाचा असा सरकारी परवाना लागतो. हौशी माणसाकडे यातलं काहीच नसतं, वायनरीकडे सगळं असतं. म्हणून द्राक्षं आणि पसंती आपली, टाकी आणि परवाना त्यांचा, असा व्यवहार जगभर चालतो. इंग्रजीभाषक देशांत त्याला ‘कस्टम क्रश’ म्हणतात. आपल्याकडे वाळूजच्या एमआयडीसीतला कुठलाही लघुउद्योजक ज्याला ‘जॉब वर्क’ म्हणतो, तोच हा प्रकार.

वाळूजचं नाव उगाच घेतलेलं नाही. मद्यनिर्मितीच्या नकाशावर संभाजीनगर वाईनसाठी नव्हे, बिअरसाठी ओळखलं जातं. देशातल्या मोठमोठ्या बिअर कंपन्यांचे कारखाने इथल्या औद्योगिक वसाहतीत आहेत, आणि २०१६च्या दुष्काळात मराठवाडा टँकरवर जगत असताना उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली, ते अनेकांना आठवत असेल. बिअरचं माल्ट गोदामात थांबतं, घाणा जानेवारीत काढा की जुलैत, फरक पडत नाही. द्राक्ष थांबत नाही. वर्षातून एकदा, तेही मोजक्या दिवसांत, त्याची वेळ येते आणि जाते. त्यामुळे बिअरच्या शहरातला माणूस वाईनकडे वळला की त्याला पहिली गोष्ट शिकावी लागते ती ही, की आपण कारखान्यात नव्हे, शेतात उतरतो आहोत.

आणि शेत म्हटलं तर द्राक्षाचं या भागाशी नातं फार जुनं आहे. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी देवगिरीला आणून तिचं दौलताबाद केलं. पुढे त्याच्याच पदरी राहिलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथे आला, तेव्हा त्याने दोन फळांची नोंद केली, द्राक्षं आणि डाळिंबं. आणि ती इथे वर्षातून दोनदा येतात असं लिहून ठेवलं. वाचणाऱ्याला हा प्रवाशाचा फुगवटा वाटेल, पण द्राक्षबागायतदाराला वाटणार नाही. युरोपात वेल हिवाळ्यात पानं टाकून झोपी जातो, वसंतात जागा होतो आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरात फळ देतो. दख्खनच्या पठारावर त्याला झोपवणारी थंडीच पडत नाही. छाटणी केली की फुटायचं, एवढंच त्याला ठाऊक. म्हणून आपले शेतकरी वर्षाला दोन छाटण्या करतात. एप्रिलमधली खरड छाटणी पुढच्या फळासाठी काडी तयार करते, आणि पावसाळा सरता सरता केलेली गोडी छाटणी, म्हणजेच ऑक्टोबर छाटणी, घड देते. वेल दोन पिकांना तयार असतो, आपण एकच घेतो. तोडणी जानेवारी ते मार्च.

या उलट्या कॅलेंडरचा वाईनवर थेट परिणाम होतो. फ्रान्समध्ये द्राक्ष पिकतं ते दिवस थंड होत जाताना. आपल्याकडे पिकतं ते ऊन चढत जाताना. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात साखर झपाट्याने चढते आणि आंबटपणा तितक्याच झपाट्याने उतरतो. आंबटपणा गेला की वाईन बेचव, ढिली लागते. तेव्हा पिंप आपलं असावं असं ज्याला वाटतं, त्याने पहिला हक्क मागावा तो तोडणीची तारीख ठरवण्याचा. बहुतेक हौशी मंडळी लेबलावरच्या अक्षरांवर तासन्‌तास घालवतात आणि तारीख वायनरीवर सोडून देतात. वाईनचं अर्धं नशीब त्या तारखेत असतं.

द्राक्षं आणायची कुठून? संभाजीनगरहून तासाभराच्या अंतरावर जालना जिल्ह्यातलं कडवंची आहे. पाणलोटाच्या कामातून उभं राहिलेलं हे गाव द्राक्षांसाठी राज्यभर नावाजलं गेलं. पण ती खाण्याची द्राक्षं. थॉमसन सीडलेस, सोनाका, माणिक चमन या जाती तोंडात टाकायला उत्तम, बेदाण्याला उत्तम, वाईनला मात्र कामाच्या नाहीत. मणी मोठा, साल पातळ, बी नाही, गंध सौम्य. वाईनचा रंग, तुरटपणा आणि बराचसा वास सालीतून आणि सालीलगतच्या गरातून येतो, म्हणून वाईनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं आणि बियांचं लागतं. खाताना तेच द्राक्ष कुणालाही आवडणार नाही. शिराझ, कॅबर्ने सॉव्हिन्यॉ, शेनिन ब्लांक, सॉव्हिन्यॉ ब्लांक या जाती महाराष्ट्रात रुजल्या त्या मुख्यतः नाशिक, पुणे, सांगली आणि सोलापूरच्या पट्ट्यात.

सुदैवाने नाशिकची वाट इथूनच जाते. वैजापूर, येवला ओलांडलं की निफाडच्या अलीकडे विंचूर लागतं आणि तिथे एमआयडीसीने वसवलेलं वाईन पार्क आहे. शहरातून अडीच-तीन तासांचा रस्ता. सांगली जिल्ह्यात पलूसलाही असंच पार्क उभारलं गेलं. या दोन्ही पार्कांमागची गोष्ट जॉब वर्कच्या दृष्टीने समजून घेण्यासारखी आहे.

राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून नाशिकला आले आणि त्यांच्या सुला कंपनीची पहिली वाईन २००० साली बाजारात आली. ती करायला त्यांनी कॅलिफोर्नियाचेच केरी डॅमस्की यांना सल्लागार म्हणून आणलं होतं. २००१मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर केलं, उत्पादन शुल्कात सवलत दिली, परवाना सोपा केला. मग काय, ज्याच्याकडे बाग त्याला वायनरी हवी झाली. कर्जं निघाली, स्टीलच्या टाक्या आल्या, इमारती उठल्या. २००८ची जागतिक मंदी आणि त्याच वर्षाअखेरीचा मुंबईवरचा हल्ला यांनी हॉटेलं आणि पर्यटन थंडावलं आणि तयार वाईन टाक्यांतच पडून राहिली. शामराव चौगुले यांनी नारायणगावला उभी केलेली, या धंद्यातली सगळ्यांची वडीलधारी असलेली इंडाज कंपनीही कर्जाखाली कोसळली. नाशिक भागात शेतकऱ्यांनी वाईनच्या वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली, आणि अनेक छोट्या वायनऱ्यांना कुलूप लागलं.

त्या काळातल्या अनेक उत्साही बागायतदारांना खरं तर वायनरीची गरजच नव्हती, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांना हव्या होत्या पाच-दहा हजार बाटल्या आणि त्या विकता येतात का हे पाहण्यासाठी दोन-तीन हंगाम. ते काम शेजारच्या वायनरीच्या टाकीत झालं असतं. वायनरी वर्षाचे दोन-अडीच महिने धावपळीत असते, उरलेल्या काळात तिच्या यंत्रांवर धूळ बसते. रिकामी टाकी भाड्याने देणं तिलाही परवडतं.

ही कल्पना शहरी हौशी माणसापर्यंत नेली ती सॅन फ्रान्सिस्कोच्या मायकेल ब्रिल यांनी. २००४मध्ये त्यांनी ‘क्रशपॅड’ सुरू केलं. ग्राहकाने नामांकित बागांच्या यादीतून द्राक्षं निवडायची, तोडणीपासून मिश्रणापर्यंतचे निर्णय वाईनमेकरशी बोलून किंवा संगणकावरून घ्यायचे आणि शेवटी आपल्या नावाच्या पंचवीस पेट्या घरी न्यायच्या. संगणक कंपन्यांतल्या मंडळींनी ती उचलून धरली. पुढे क्रशपॅड नापाला गेलं आणि २०१२मध्ये बंद पडलं. पण बी पडलं होतं. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये मायकेल डॉर्फ यांनी २००८मध्ये उघडलेल्या ‘सिटी वायनरी’ने शहराच्या मधोमध पिंपं मांडली. बोर्डोत लिंच-बाजसारख्या जुन्या घराण्याच्या आधाराने ‘व्हिनिव्ह’ नावाचा असाच उपक्रम उभा राहिला.

महाराष्ट्रात एका पिंपाची हौस पुरवणारं असं दुकान नाही, पण वायनरीच्या आधाराने दुसऱ्या कुणाच्या नावाची, कुणाच्या पसंतीची वाईन झाल्याची उदाहरणं आहेत. टेनिसपटू विजय अमृतराज यांच्या नावाच्या वाईन ग्रोव्हर झाम्पाने काढल्या. अकलूजच्या फ्रातेली वायनरीचीच घडण भागीदारीची आहे. मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशी तीन घरांतली भावंडं एकत्र आली आणि वाईनमेकर म्हणून तस्कनीचे पिएरो मासी आले. पुढे याच वायनरीत बर्गंडीच्या झां-शार्ल बोआसे यांच्या जोडीने ‘जे’नून’ ही वाईन झाली. ही सगळी मोठी नावं. तरी व्यवहाराची चौकट तीच राहते: चव ठरवणारा एक, परवानाधारक दुसरा.

आता प्रत्यक्ष काम पाहू. समजा आपण शिराझ निवडली. जानेवारीच्या मध्यापासून दर तीन-चार दिवसांनी बागेतून मणी तपासायला घेतात. एका घडाचे नव्हे, तर वेगवेगळ्या ओळींतून, उन्हाच्या आणि सावलीच्या बाजूने, घडाच्या खांद्यावरून आणि टोकाकडून असे मिळून शे-दोनशे मणी. ते चुरडून रस रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकला की साखरेचा आकडा दिसतो. चोवीस ब्रिक्स म्हणजे वाईनमध्ये साधारण साडेतेरा टक्के अल्कोहोल. पण आकड्यावर थांबू नये. बी दाताखाली फोडून पाहावं. हिरवट, कडू लागली तर थांबायचं. तपकिरी, भाजलेल्या शेंगदाण्यासारखी कुरकुरली तर साल आणि बी तयार आहे. इथे ओढाताण होते. बी म्हणते थांब, आंबटपणा म्हणतो आज तोड. शेतकऱ्याची घाई वेगळीच असते, कारण प्रत्येक जास्तीच्या दिवसागणिक मण्यातलं पाणी उडतं आणि वजन घटतं, आणि पैसे वजनावर मिळतात. म्हणून उशिरा तोडणी हवी असेल तर कमी झालेल्या वजनाची भरपाई करारातच लिहून द्यावी. ते न्याय्यही आहे आणि भांडण टाळणारंही.

तोडणी पहाटे, गारव्यात. उथळ क्रेटमध्ये, दाबून न भरता. सकाळी नऊच्या आत माल वायनरीत पोचला तर बरा. द्राक्षं पायाने तुडवण्याचे कार्यक्रम वायनऱ्या पर्यटकांसाठी करतात, मजा येते, फोटो छान येतात. खरं काम डिस्टेमर करतो. फिरत्या दांड्यांनी तो मणी सोडवतो, देठ एका बाजूला टाकतो आणि मणी जेमतेम फुटतील एवढंच पाहतो.

एका पिंपाएवढी शिराझ मोठ्या टाकीत हरवून जाईल, म्हणून ती उघड्या तोंडाच्या प्लास्टिकच्या पेटाऱ्यात आंबवतात. यीस्ट टाकल्यावर दुसऱ्या दिवशी सालींचा जाडजूड थर वर येतो. खालून वायू ढकलतो, थर फुगतो, कोरडा पडतो. तो दिवसातून तीन-चार वेळा दांड्याने खाली दाबावा लागतो, नाहीतर रंग उतरत नाही आणि वरच्या सालींना आंबूस, व्हिनेगरसारखा वास धरतो. हे दाबण्याचं काम ज्याला आपली वाईन म्हणायची आहे त्याने एकदा तरी हाताने करावं. पहिल्या दिवशी थर दगडासारखा विरोध करतो, पाचव्या दिवशी दांडा लोण्यातून जावा तसा जातो. वाकताना नाक पेटाऱ्यात घालू नये. तिथे कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, झणझणीत सणका बसतो, आणि बंद खोलीत तो जिवावरही बेततो. कुजक्या अंड्याचा वास आला तर यीस्टची उपासमार होते आहे असं समजायचं. त्याला नत्राचं खाद्य द्यायचं.

आंबताना रस स्वतःच तापतो. पस्तीसच्या पुढे गेला की यीस्ट मरू लागतं आणि साखर अर्धवट राहून जाते. फेब्रुवारी-मार्चमधल्या संभाजीनगरात घरच्या ड्रममध्ये हा प्रयोग का फसतो त्याचं कारण हेच. वायनरीत टाकीभोवती थंड द्रावण खेळवून लाल वाईन पंचवीस-अठ्ठावीस अंशांवर आणि पांढरी त्याहून पुष्कळ खाली, बारा ते सोळावर धरतात.

सालीसोबत किती दिवस ठेवायचं, हा दुसरा खरा निर्णय. सहा दिवसांत काढली तर वाईन हलकी, फळाच्या वासाची, वर्षभरात पिण्याजोगी होते. चौदा दिवस ठेवली तर गडद आणि तुरट होते, तिला मुरायला वेळ लागतो. आपल्या जेवणात तिखट-मसाला भरपूर. त्यावर जास्त तुरटपणा आणि जास्त अल्कोहोल दोन्ही तोंड पोळवतात. हॉटेलातल्या महागड्या फ्रेंच बाटलीची नक्कल करण्यापेक्षा आठ-नऊ दिवसांवर थांबलेलं बरं, असं माझं मत.

मग लाकूड. फ्रेंच ओकचं नवं पिंप आयात करून लाखाच्या घरात जातं. एकाच वाईनसाठी वापरलं तर बाटलीमागे तीनशेहून अधिक रुपये नुसत्या लाकडाचे. त्यातून येणारा व्हॅनिलाचा, भाजल्याचा वास नवख्याला फार श्रीमंत वाटतो आणि द्राक्ष त्याखाली दबून जातं. वायनरीकडून दोन-तीन हंगाम वापरलेलं पिंप मागावं. पिंप घरी नेऊन मिरवायचा मोहही आवरावा. त्याला सोळा-अठरा अंशांची खोली लागते आणि लाकडातून उडणारी वाईन दर काही आठवड्यांनी वरून भरून काढावी लागते. मे महिन्यात चाळिशी पार करणाऱ्या शहरात ते जमणार नाही.

बाटलीत भरण्याआधीचा दिवस मिश्रणाचा. टेबलावर शंभर मिलिलिटरची मोजपात्रं, वायनरीच्या दोन-तीन टाक्यांतले नमुने, पाण्याचा ग्लास, थुंकायला भांडं. पहिल्या ग्लासात निव्वळ शिराझ, दुसऱ्यात नव्वदला दहा कॅबर्ने, तिसऱ्यात ऐंशीला वीस. ग्लासांवर फक्त आकडे लिहायचे, कशात काय आहे ते दुसऱ्याने लक्षात ठेवायचं. पाच टक्क्यांचा फरक जिभेला कळतो, हे करून पाहिल्याशिवाय पटत नाही. कमी वेळ आणि कमी पैसा असलेल्याला ‘आपली’ वाईन करण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्ग हाच आहे: तयार वाईन घेऊन तिचं मिश्रण आपण ठरवणं.

राहता राहिला कायदा. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. वायनरीतला थेंब न्‌ थेंब राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नोंदीत असतो. त्यामुळे द्राक्षं आपली असली तरी बाटली वायनरीच्या परवान्यावरच भरली जाते. विक्रीला जाणारं प्रत्येक लेबल नोंदवावं लागतं आणि तीनशे बाटल्यांच्या लेबलालाही तीन लाख बाटल्यांच्या लेबलाएवढीच कागदपत्रं लागतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे मद्याविषयीचे नियम एप्रिल २०१९पासून लागू झाले. अल्कोहोलचं प्रमाण, वैधानिक इशारा वगैरे मजकूर त्यांनुसार छापावा लागतो. घरी किती बाटल्या ठेवता येतात यालाही मर्यादा आहे. ती उत्पादन शुल्क कार्यालयात आधीच विचारून घ्यावी. लग्नाच्या अहेरासाठी नाव छापून हव्या असलेल्या शंभर बाटल्यांचा बेत बहुधा इथेच अडतो.

तेव्हा वायनरीशी बोलायला बसाल तेव्हा चार गोष्टी लेखी घ्या: तोडणीची तारीख कोण ठरवणार, माल वेगळा आंबवणार की इतरांच्यात मिसळणार, पिंप कितव्या वापराचं, आणि वाईन बिघडली तर नुकसान कुणाचं. लेबलाचं शेवटी पाहा. आणि फेब्रुवारीतल्या दोन पहाटा विंचूर-निफाडच्या बागेत घालवायला वेळ नसेल, तर हा खटाटोप करूच नका. नाशिकची चांगली बाटली दुकानात तयार मिळते आणि ती या खर्चाच्या निम्म्यात पडते.